बिनपत्त्याचीं पुस्तकें

एखादी वस्तु हरवणें आणि एखादी वस्तु मुद्दाम ठेवून जाणें या दोन क्रिया बाहेरून पाहणारास सारख्याच दिसतात. बांकावर एक पुस्तक पडलेलें आहे आणि त्याचा धनी जवळपास नाहीं, एवढेंच त्याला दिसतें. धनी विसरभोळा होता कीं उदार होता, हें पुस्तक आपण होऊन सांगूं शकत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या प्रकारचीं पुस्तकें हा आहे. म्हणजे अनोळखी माणसास सांपडावीं व त्यानें तीं वाचावीं, या एकाच हेतूनें सार्वजनिक जागीं ठेवून दिलेलीं पुस्तकें. ही चाल कोठें व कशी सुरू झाली, तिच्यांत अडचणी कोणत्या येतात, आणि आपल्या शाळेंतील मुलांनीं ती करून पाहण्यासारखी आहे कीं नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे. विषय सोपा दिसतो. मलाहि तो तसाच वाटला होता; परंतु करून पाहिल्यावर तो तितका सोपा राहिला नाहीं.

अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत कॅन्सस सिटी नांवाचें शहर आहे. तेथें राहणारे रॉन हॉर्नबेकर हे गृहस्थ संगणकाचा व्यवसाय करीत. २००१ सालच्या मार्च महिन्यांत ते व त्यांच्या पत्नी काओरी यांच्या पाहण्यांत इंटरनेटवरील एक गमतीचा खेळ आला. त्यांत स्वस्त कॅमेरे लोकांमध्यें सोडून देत आणि ते हस्तें परहस्तें कोठवर जातात याचा माग घेत. डॉलरच्या नोटेचा क्रमांक नोंदून ती नोट कोणकोणत्या गांवीं फिरली हें पाहण्याचा एक खेळहि तिकडे त्या वेळीं चालू होता. हॉर्नबेकर यांच्या मनांत आलें कीं, कॅमेरा फिरतो, नोट फिरते, तर जिचा माग घेण्याची माणसांना खरी हौस वाटेल अशी आणखी कोणती वस्तु असेल? उत्तर त्यांच्या खोलींतील पुस्तकांच्या कपाटांतच होतें. थोड्याच आठवड्यांत, १७ एप्रिल २००१ रोजीं, त्यांनीं ‘बुकक्रॉसिंग’ या नांवाची नोंदवही इंटरनेटवर सर्वांस खुली केली.

तिची पद्धत अशी. पुस्तक सोडणारानें प्रथम तें स्वतः वाचावें. मग या नोंदवहींत त्याची नोंद करावी, म्हणजे त्या एका प्रतीस तिचा स्वतःचा क्रमांक मिळतो. ग्रंथालयांतील क्रमांक पुस्तकाची जागा सांगण्यासाठीं असतो. हा क्रमांक ज्याला ठरलेली जागाच नाहीं अशा पुस्तकासाठीं असतो. क्रमांक व थोडा मजकूर लिहिलेली चिठ्ठी पुस्तकावर चिकटवावी. मजकुराचा आशय असा कीं, हें पुस्तक हरवलेलें नाहीं. तें घेऊन जावें, वाचावें, वाटलें तर नोंदवहींत दोन शब्द लिहावे आणि पुन्हां कोठें तरी सोडून द्यावें. नांव सांगण्याची सक्ति नाहीं. मग तें पुस्तक बागेंत, चहाच्या दुकानांत, आगगाडींत, कोठेंहि ठेवावयाचें. या मंडळींची बोलण्याची तऱ्हा मोठी मौजेची आहे. अशा रीतीनें पुस्तक ठेवून येण्याला ते ‘रानांत सोडणें’ म्हणतात आणि एखाद्यानें तें उचलल्याची नोंद केली कीं तें ‘पकडलें गेलें’ असें म्हणतात.

ही चाल इतक्या झपाट्यानें पसरली कीं, २००४ सालीं ऑक्सफर्डच्या संक्षिप्त इंग्रजी कोशांत तो शब्द दाखल झाला. २००७ सालीं सिंगापूर हा बुकक्रॉसिंगचा पहिला अधिकृत देश ठरला. नोंदलेल्या पुस्तकांची संख्या आज एक कोटीच्या वर असून तीं १३० हून अधिक देशांत फिरत आहेत, असें ही नोंदवही सांगते. हे आंकडे वाचून मन प्रसन्न होतें खरें. पण त्यांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. सोडलेल्या पुस्तकांपैकीं बहुतेकांची पुढें कांहींच वार्ता येत नाहीं. पक्षिशास्त्रज्ञ पक्ष्याच्या पायांत क्रमांकाचें कडें घालून त्याला सोडून देतात, तसाच हा प्रकार आहे. हजारों पक्षी उडून जातात, मोजक्यांचीं कडीं पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडतात. बाकीचे पक्षी मेले असें त्यावरून ठरत नाहीं. ते कोठें तरी झाडावर बसलेले असतील. पाहणारानें कळविलें नाहीं, एवढेंच. पुस्तक सोडणारा मनुष्य मात्र शास्त्रज्ञ नसतो. तो नोंदवही उघडून पाहतो, आठ दिवसांनीं पुन्हां पाहतो, आणि मग आपलें दान वायां गेलें असें त्याला वाटूं लागतें. खऱ्या अडचणीची सुरुवात येथेंच होते.

पत्ता न घालतां पुस्तक देण्याची कल्पना मात्र २००१ सालची नव्हे. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें सैनिकांस वाचावयास पुस्तकें पुरविण्यासाठीं ‘कॅम्प्स लायब्ररी’ नांवाची संस्था निघाली होती. १९१५ पासून तिकडील कोणाहि नागरिकास आपलें वाचून झालेलें पुस्तक किंवा मासिक पोस्टाच्या कचेरींत नुसतें नेऊन देतां येई. वेष्टन नको, तिकीट नको, पत्ता नको. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां तेथील पोस्टमास्तर-जनरल बर्लसन यांच्या नांवानें मासिकांच्या मुखपृष्ठावर एक सूचना छापून येऊं लागली. अंक वाचून झाल्यावर या सूचनेवर एक सेंटाचें तिकीट लावावें व तो पोस्टाच्या कोणत्याहि नोकराच्या हातीं द्यावा. तो एखाद्या सैनिकास किंवा खलाशास पोंचेल, असा तिचा आशय होता. पिनकोड चुकला तर पत्र परत येईल कीं काय याची काळजी करणाऱ्या आपल्यासारख्यांस ही गोष्ट कल्पित वाटेल. पण ती घडलेली आहे, आणि खंदकांत बसून एखादा जुना अंक वाचणाऱ्या शिपायास तो कोणीं दिला हें कधींहि कळलें नाहीं. देणारासहि तो कोणीं वाचला हें कळलें नाहीं. दोन्ही बाजू अंधारांत असूनहि व्यवहार पुरा होत होता.

आपल्याकडे पुस्तकांस प्रवासाला पाठविण्याचा मोठा प्रयोग बडोद्यास झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणिलें व संस्थानभर वाचनालयांचें जाळें विणलें. त्यांत फिरत्या पुस्तकपेट्यांचें एक खातें होतें आणि त्या पेट्या खेड्यापाड्यांत विनामूल्य जात. या चळवळीचें ‘लायब्ररी मिसेलनी’ हें त्रैमासिक १९१२ सालीं निघालें; तें इंग्रजी, गुजराथी व मराठी अशा तीन भाषांत असे. परंतु ती पेटी नेमून दिलेल्या गांवीं जाई व परत येई. बांकावर सोडलेल्या पुस्तकास परतीची वाट नसते.

या दोहोंच्या मधला एक मार्ग टॉड बोल यांनीं काढला. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत हडसन नांवाचें गांव आहे. बोल यांच्या मातोश्री शिक्षिका होत्या व त्यांस वाचनाची फार आवड होती. त्यांच्या स्मरणार्थ बोल यांनीं २००९ सालीं, गॅरेजच्या जुन्या दाराचें लांकूड घेऊन, एकखोली शाळेच्या आकाराची एक लहानशी पेटी तयार केली, तींत पुस्तकें भरलीं आणि ती आपल्या घरापुढें खांबावर बसविली. ज्याला पाहिजे त्यानें पुस्तक न्यावें, जमेल त्यानें एखादें आणून ठेवावें. कुलूप नाहीं, वही नाहीं. अँड्र्यू कार्नेगी या धनिकानें आपल्या संपत्तींतून २,५०९ सार्वजनिक वाचनालयें बांधून दिलीं होतीं. बोल व त्यांचे सहकारी रिक ब्रूक्स यांनीं २,५१० पेट्यांचा संकल्प केला, तो २०१२ सालींच पार पडला. बोल २०१८ सालीं वारले. २०२० सालीं अशा पेट्यांची संख्या एक लाखावर गेली होती. कार्नेगीच्या इमारती दगडाविटांच्या होत्या आणि या पेट्या पक्ष्यांच्या घरट्यांएवढ्या, तेव्हां ही तुलना थोडी गमतीचीच म्हटली पाहिजे. परंतु कार्नेगी होणें फार थोड्यांच्या नशिबीं असतें, आणि लांकडाची पेटी ठोकणें पुष्कळांस जमतें.

ज्या कॅन्सस सिटीच्या परिसरांत बुकक्रॉसिंगचा जन्म झाला, त्याच परिसरांतील लीवूड या गांवीं २०१४ सालीं एका नऊ वर्षांच्या मुलानें आपल्या घरापुढील अंगणांत अशी पेटी उभी केली. कांहीं दिवसांतच गांवच्या कारभारमंडळाकडून घरीं पत्र आलें कीं, मुख्य घरापासून सुटें असें कोणतेंहि बांधकाम अंगणाच्या दर्शनी भागांत ठेवण्यास मनाई आहे, सबब पेटी काढावी. पेटी काढावी लागली. नियम वाईट हेतूनें केलेला नव्हता. अंगणांत वाटेल तशीं खोपटीं उभीं राहूं नयेत म्हणून तो होता, आणि तो करणारांच्या डोळ्यांपुढें पुस्तकाची पेटी कधीं आलीच नव्हती. मुलानें रडून गोंधळ केला नाहीं. जुलै महिन्यांत मंडळाची सभा भरली तेव्हां तो तेथें गेला आणि आपलें म्हणणें मोठ्या माणसांपुढें उभें राहून त्यानें मांडलें. मंडळानें अशा पेट्यांस त्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. आमच्या वक्तृत्वस्पर्धेंतील मुलांनीं ही हकीकत जरूर ध्यानांत ठेवावी. बक्षिसाशिवायहि भाषण करण्याचे प्रसंग येतात.

महाराष्ट्रांत सातारा जिल्ह्यांतील पांचगणीजवळच्या भिलार या स्ट्रॉबेरीच्या गांवीं २०१७ सालच्या मे महिन्यांत राज्यसरकारनें ‘पुस्तकांचें गांव’ उभें केलें. आरंभीं तेथें पंचवीस ठिकाणीं पुस्तकें ठेविलीं होतीं, आणि त्यांत गांवकऱ्यांचीं राहतीं घरेंहि होतीं. कोणीहि अनोळखी वाटसरूनें आंत यावें व वाचीत बसावें. तेथें मात्र पुस्तक जागेवर राहतें आणि वाचक प्रवास करतो. लंडनच्या भुयारी आगगाडींत २०१२ पासून व दिल्लीच्या मेट्रोंत २०१७ पासून हौशी मंडळी पुस्तकें ठेवूं लागलीं. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हर्मायनीचें काम केलेल्या एमा वॉटसन यांनीं २०१६ सालीं लंडनच्या स्टेशनांवर माया अँजेलू यांच्या एका पुस्तकाच्या सुमारें शंभर प्रती ठेविल्या, प्रत्येकींत स्वहस्ताक्षराची चिठ्ठी घालून. त्या वेळीं मोठा गाजावाजा झाला. त्यामुळें या चालीची माहिती पुष्कळांस झाली हें मान्य; परंतु पुस्तक शोधणारे लोक त्या पुस्तकासाठीं धांवत होते कीं चिठ्ठीसाठीं, याची मला शंका आहे.

आतां माझी स्वतःची हकीकत सांगतों. गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं एक पुस्तक सोडावयाचें ठरविलें. कपाटांतून पहिल्यानें काढलें तें कोणी तरी भेट दिलेलें विनोदी लेखांचें पुस्तक होतें. माझ्या मुलीनें तें पाहून विचारलें, “बाबा, हें तुम्हीं दोनदां अर्धवट टाकलेंत ना? मग दुसऱ्यानें तें कां वाचावें?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी पुस्तक देत नव्हतों, कपाट साफ करीत होतों. अशा पेट्यांतून जुनीं गाइडें, मागील सालच्या डायऱ्या आणि पानें सुटलेले ग्रंथ येऊन पडतात, त्याचें कारण हेंच.

तेव्हां मीं गोडसे भटजींचें ‘माझा प्रवास’ काढलें. १८५७ च्या धामधुमींत वरसईहून उत्तर हिंदुस्थानांत गेलेल्या एका भिक्षुकाचें तें वृत्त आहे. १९०७ सालीं तें प्रथम छापलें गेलें. मोटारस्थानकावर ठेवण्यास प्रवासाचें पुस्तक योग्य, असें मीं मनाशीं म्हटलें. माझी प्रत मीं विद्यार्थिदशेंत घेतली होती आणि समासांत पेन्सिलीनें टिपणें केलीं होतीं. तीं खोडावीं कीं ठेवावीं या विचारांत तीन दिवस गेले. खरें कारण टिपणें नव्हतें. पुस्तक हातून सुटत नव्हतें. अखेर पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवून मीं तें आमच्या एस. टी. स्थानकांतील एका बांकावर ठेविलें आणि मागें न पाहतां गाडीकडे निघालों.

दहा पावलेंहि गेलों नसेन, तोंच मागून हांक आली, “ओ काका! पुस्तक राहिलं तुमचं!” चहाच्या दुकानांत काम करणारा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पुस्तक हातांत घेऊन धांवत आला. मीं त्याला सांगितलें कीं, राहिलें नाहीं, मुद्दाम ठेविलें आहे. तुला हवें तर तूंच ने. त्यानें तें लगबगीनें माझ्या हातांत दिलें. “नको काका. कोणाचं तरी उचललं म्हणतील.”

गाडींत बसल्यावर मला त्याच्या बोलण्याचा अर्थ कळूं लागला. बेवारस दिसणारी वस्तु उचलून घेणें ही गोष्ट सर्वांस सारखी सोपी नाहीं. माझ्यासारख्या पांढरपेशा मनुष्यानें बांकावरचें पुस्तक चाळलें तर त्याला कोणी हटकणार नाहीं. त्या मुलाला हटकतील. मी चिठ्ठी लिहीत असतां माझ्या मनांत एकच हेतु होता, तो म्हणजे वाचणारानें मला पत्र पाठवावें. म्हणून ती आंतल्या पानावर होती आणि तिच्यांत माझा पत्ता मोठ्या अक्षरांत होता. वस्तुतः चिठ्ठीची गरज मला नव्हती, त्याला होती. हें पुस्तक त्याचें आहे, त्यानें तें चोरलेलें नाहीं, हें चारचौघांस दाखवितां येईल असा कागद त्याच्या हातीं हवा होता. आठ दिवसांनीं मीं नवी चिठ्ठी लिहिली व ती मुखपृष्ठावर बाहेरून चिकटविली. ‘ज्याला हें मिळेल त्याचें हें पुस्तक आहे. मीं माझ्या राजीखुषीनें दिलें आहे.’ खालीं सही व तारीख. पत्ता घातला नाहीं. पुढच्या खेपेस पुस्तक बांकावर नव्हतें. त्या मुलानें नेलें कीं दुसऱ्या कोणी, हें मीं विचारलें नाहीं. विचारावेंसें फार वाटलें होतें.

या चालीवर आक्षेपहि आहेत. २००५ सालीं एका कादंबरी-लेखिकेनें म्हटलें होतें कीं, एकच प्रत शंभर हातांतून फुकट फिरली तर पुस्तकाची किंमत उतरते व लेखकाचें उत्पन्न बुडतें. या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. पण हाच आक्षेप प्रत्येक ग्रंथालयावर घेतां येईल, आणि ज्यानें आवडतें पुस्तक सोडलें त्याला तें पुन्हां हवेंसें वाटतें. मीं गेल्या महिन्यांत ‘माझा प्रवास’ची नवी प्रत विकत आणली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेवारस वस्तूस हात लावूं नये, पोलिसांस कळवावें, अशी सूचना आपण रेल्वेस्थानकांवर ऐकतों, व ती योग्य कारणासाठींच दिली जाते. म्हणून रेल्वेच्या फलाटावर, विमानतळावर किंवा सरकारी कचेरीच्या आवारांत पुस्तक ठेवूं नये. पिशवी किंवा खोक्यांत बंद करून तर कोठेंच ठेवूं नये. दुकानदार, वाचनालयाचे चालक किंवा दवाखान्याचे डॉक्टर यांस विचारून त्यांच्या बांकावर किंवा फडताळावर ठेवावें. त्यांत गंमत थोडी कमी होते, पण पोलिसांची धांवपळ वांचते.

ज्या मुलांस हें करून पहावेंसें वाटेल त्यांनीं पुस्तक आधीं स्वतः पुरें वाचावें. फाटलेलीं पानें चिकटवावीं. चिठ्ठी बाहेरून, मराठींत, ठळक अक्षरांत लिहावी, म्हणजे जेमतेम वाचतां येणारासहि ती कळेल. चिठ्ठीवर घरचा पत्ता किंवा फोनचा क्रमांक मुलांनीं मुळींच घालूं नये. नोंदवही ठेवावयाचीच असेल तर ती वर्गाची असावी आणि तींत पुस्तकाचें नांव, जागा व तारीख एवढेंच लिहावें. ‘परत वार्ता’ असा रकाना आंखूं नये, कारण तो बहुधा रिकामाच राहतो व मुलें खट्टू होतात. पावसाळ्यांत पुस्तक पारदर्शक प्लॅस्टिकमध्यें गुंडाळावें, म्हणजे आंत काय आहे तें दिसेल. आणि सोडण्यापूर्वीं घरांत विचारावें. कारण कपाटांतील आपलें म्हणून आपण जें काढतों, तें पुष्कळदां आजोबांचें किंवा थोरल्या ताईचें असतें, आणि त्यांचें तें अजून वाचून झालेलें नसतें.